पाण्यांतील धातुविष आणि रंगाची साक्ष

पितळेच्या भांड्याची कल्हई गेली असतां त्यांत ताक ठेवूं नये, ठेवल्यास तें कळकतें, ही गोष्ट आमच्या घरांतील वडील बायकांस कोणत्याही पुस्तकावांचून ठाऊक होती. ताकास हिरवट झांक आली आणि जिभेवर तुरट चव राहिली, कीं त्या तें सरळ ओतून देत. आंबट पदार्थांत तांबें विरघळतें व त्याचा क्षार पोटांत गेल्यास वांति होते, हें रसायनशास्त्राचें म्हणणें त्यांनीं ऐकलेलें नव्हतें. परंतु रंगाची साक्ष त्यांस पुरेशी होती. हळदीस चुन्याचा स्पर्श झाला कीं ती तांबडी होते, हिरड्याच्या काढ्यांत हिराकस पडला कीं काळी शाई तयार होते, हेंही आपल्या लोकांस पिढ्यान् पिढ्या माहीत होतें. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. तेव्हां शाई करणारा प्रत्येक कारकून एका अर्थीं लोहाची परीक्षाच करीत होता. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत हीच युक्ति लिहून ठेविली आहे. जंगालांत हिराकसाची भेसळ आहे कीं काय हें पाहावयाचें असल्यास मायफळाच्या रसांत भिजविलेला पपायरसचा तुकडा त्यास लावावा. भेसळ असेल तर तो काळा पडतो. परीक्षेसाठीं वापरावयाच्या कागदाच्या जुन्यांत जुन्या लेखी उल्लेखांपैकीं हा एक होय.

या जुन्या युक्त्या आज आठवण्याचें कारण आपल्या उंबरठ्यापाशींच आहे. नाशिकच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, अंबड हें गांव आहे. एके काळीं तेथें शेतें होतीं. आज तेथें मोठी औद्योगिक वसाहत आहे. मोटारींचे सुटे भाग, विजेचीं उपकरणें व यंत्रांचे नाना प्रकारचे अवयव तेथें तयार होतात, आणि त्यांवर गंज चढूं नये व तकाकी यावी म्हणून निकेल, क्रोमियम, जस्त, तांबें यांचा विजेच्या साहाय्यानें मुलामा देतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरची चूल याच कारखान्यांच्या मजुरीवर पेटते. म्हणून प्रारंभींच सांगतों कीं, कारखान्यांवर ठपका ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें म्हणणें पाण्याविषयीं आहे.

मुलामा देण्याच्या कामांत वस्तु एका द्रावणांत बुडवितात, धुतात, पुनः दुसऱ्या द्रावणांत बुडवितात आणि पुनः धुतात. प्रत्येक धुण्याबरोबर थोडथोडा धातु पाण्यांत उतरतो. या पाण्यावर काय क्रिया करावी हें शास्त्रानें ठरविलेलें आहे. उदाहरणार्थ, षट्संयुजी क्रोमियम हें अत्यंत विषारी. त्यास आम्ल पाण्यांत सोडियम बायसल्फाइटासारख्या द्रव्यानें त्रिसंयुजी करावें, म्हणजे पिवळा रंग जाऊन हिरवा येतो, आणि मग चुना घालून तें तळाशीं बसवावें. जेथें ही क्रिया मन लावून होते तेथें धोका फारसा उरत नाहीं. जेथें कंटाळा, अति काटकसर किंवा लपवाछपवी शिरते तेथें तेंच पाणी नाल्यावाटे नदीस मिळतें, अथवा जमिनींत मुरून विहिरींत उतरतें. नाशिक शहरांतून वाहणारी नासर्डी, जिला नंदिनी असेंही म्हणतात, टाकळीजवळ गोदावरीस मिळते. समर्थ रामदासांनीं बारा वर्षें तपश्चर्या केली ती याच संगमावर, असें परंपरा सांगते. पुढें तेंच पाणी नांदूर-मधमेश्वरच्या जलाशयांत जातें. हें स्थळ २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून जाहीर झालें. आणि त्याच्याही पुढें पैठणचें जायकवाडी धरण आहे. वरच्या गांवाचा निष्काळजीपणा खालच्या गांवाच्या घागरींत पडतो, हा नदीचा नियम कोणासही मोडतां येत नाहीं.

आतां या विषाचें प्रमाण पाहूं. पिण्याच्या पाण्याविषयीं भारतीय मानक क्रमांक १०५०० हें प्रसिद्ध आहे. त्याप्रमाणें एक लिटर पाण्यांत शिसें ०.०१ मिलिग्रॅम, क्रोमियम ०.०५, निकेल ०.०२, कॅडमियम ०.००३ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम यांहून अधिक असूं नये. नुसत्या आंकड्यांनीं विद्यार्थ्यांच्या मनांत चित्र उभें राहणार नाहीं, म्हणून एक हिशेब करूं. उन्हाळ्यांत आपल्या वाड्यावस्त्यांवर येणारा दहा हजार लिटरांचा टँकर घ्या. त्या सबंध टँकरांत १०० मिलिग्रॅम, म्हणजे वजनानें तांदळाचे चारपांच दाणे भरतील इतकें शिसें विरघळलें, कीं त्यानें मर्यादा गांठली! पाऱ्याच्या बाबतींत याचाही दहावा हिस्सा पुरतो. इतक्या विरळ पाण्यास रंग नसतो, वास नसतो, चव नसते. मुलाम्याच्या टाकींतील निकेलचें द्रावण हिरवें आणि क्रोमियमचें पिवळें-तांबूस दिसतें खरें. पण विहिरींत पोहोंचेपर्यंत तें इतकें पातळ होतें कीं डोळ्यांस कांहींच कळत नाहीं. कळकलेल्या ताकानें निदान सूचना तरी दिली होती; हें पाणी मुकें असतें.

मुकें पाणी काय करूं शकतें हें जपाननें पाहिलें आहे. मिनामाटा येथील एका रासायनिक कारखान्याचें पाऱ्यानें दूषित झालेलें पाणी समुद्रांत जात होतें. पारा माशांत सांठला, मासे माणसांनीं व मांजरांनीं खाल्ले. मांजरें पिसाटासारखीं वागूं लागलीं, आणि १९५६ सालीं माणसांतील रोगाची अधिकृत नोंद झाली. त्याच देशांत जिंत्सू नदीच्या कांठीं खाणींतून आलेलें कॅडमियम भातशेतींत उतरलें आणि लोकांचीं, विशेषतः वयस्क स्त्रियांचीं, हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं त्या रोगाचें नांवच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतें, दुखतें’, असें पडलें. कॅडमियम हें त्याचें कारण असल्याचें सरकारनें मान्य केलें तें १९६८ सालीं. दोन्ही ठिकाणीं पाण्यानें आपलें विष सांगितलें नाहीं. शेवटीं तें माणसांच्या देहांनीं सांगितलें. शिशाचा घाला तर प्रथम मुलांच्या बुद्धीवर पडतो, आणि त्याचें अमुक प्रमाण मुलांस निर्धोक आहे असें वैद्यकशास्त्र आज म्हणत नाहीं. तेव्हां देहाची साक्ष निघण्याची वाट न पाहतां त्यापूर्वींच रंगाची साक्ष काढावी, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

ही साक्ष काढतां येते. पाण्यांत विरघळलेला धातु विद्युद्भारित अणूंच्या रूपानें असतो. यांस आयन म्हणतात. असा आयन भेटतांच जें द्रव्य आपला रंग किंवा आपला प्रकाश बदलतें त्यास रासायनिक संवेदक असें नांव आहे. शेतकरी रात्रीं कुंपणाच्या तारेस रिकामे डबे बांधून ठेवतो. जनावर तारेस लागलें कीं डबे वाजतात. संवेदकाच्या रेणूंतही असेच दोन भाग असतात. एक भाग धातूस अडविणारा, दुसरा बोभाटा करणारा. अडविणाऱ्या भागांत प्राणवायु, नत्र, गंधक यांचे अणु अशा बेतानें बसविलेले असतात कीं विशिष्ट आकाराचा व विशिष्ट आवडीचा धातूच त्या पोकळींत नीट बसावा. चार्ल्स पेडरसन यानें १९६७ सालीं मुकुटासारख्या वलयाकृति रेणूंचा शोध प्रसिद्ध केला. त्यांत धातूंचे आयन जणूं कोंदणांत खडा बसावा तसे बसतात. या कामाबद्दल त्यास क्रॅम व लेन यांच्यासह १९८७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. धातूंच्या आवडीनिवडीची गोष्टही आपणांस अगदींच परकी नाहीं. पारा आणि गंधक यांची मैत्री आपल्या रसवैद्यांनीं फार पूर्वींच ओळखली होती. हिंगूळ आणि कज्जली हीं त्याच मैत्रीचीं रूपें होत. म्हणूनच पारा पकडावयाच्या संवेदकांत आजचे रसायनज्ञही पुष्कळदां गंधकाचा अणु योजितात.

केवळ रंग बदलणारीं द्रव्यें शंभर वर्षांहून जुनीं आहेत आणि त्यांपैकीं कांहीं शाळेच्या कपाटांतही बसतील इतकीं साधीं आहेत. रशियन रसायनज्ञ च्युगायेव्ह यानें १९०५ सालीं दाखविलें कीं डायमेथिल्‌ग्लायॉक्झाइम हें द्रव्य अमोनियाच्या सान्निध्यांत निकेलास भेटलें म्हणजे गुलाबासारखा तांबडा साका पडतो. कापसाच्या बोळ्यावर या दोन द्रव्यांचे थेंब घेऊन तांबें-निकेलच्या जुन्या नाण्यावर घांसल्यास बोळा गुलाबी होतो. यावरून या परीक्षेची तीक्ष्णता कळेल. डायफेनिल्‌कार्बझाइड हें आम्ल पाण्यांत षट्संयुजी क्रोमियमबरोबर जांभळा रंग देतें, आणि विशेष असा कीं त्रिसंयुजी क्रोमियमबरोबर देत नाहीं. ही साधी गोष्ट नव्हे. मोठमोठीं यंत्रें पाण्यांत एकंदर क्रोमियम किती हें सांगतात. पण त्यांतलें घातक किती व त्या मानानें सौम्य किती हें हा एक जांभळा रंग निवडून दाखवितो. व्हिएन्ना येथील फ्रित्झ फाइगल यानें अशा थेंब-परीक्षांचें एक सबंध शास्त्रच उभें केलें. एक थेंब पाणी, एक थेंब द्रव्य आणि गाळण-कागदाचा एक तुकडा, एवढ्यावर तो धातु ओळखी.

प्रकाश देणारे संवेदक याहून नाजूक. कांहीं पदार्थांवर अदृश्य अतिनील किरण पडले असतां ते दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. यास प्रतिदीप्ति म्हणतात. केंब्रिजच्या स्टोक्सनें १८५२ सालीं या प्रकारास इंग्रजींत त्याचें आजचें नांव दिलें. चलनी नोट अतिनील दिव्याखालीं धरली असतां तींतील तंतु चमकतात, तो हाच प्रकार. गॉपेल्सरोडर यानें १८६७ सालीं दाखविलें कीं तुतीच्या कुळांतील झाडांत सांपडणारें मोरिन नांवाचें पिवळें द्रव्य ॲल्युमिनियमच्या क्षाराशीं मिळालें म्हणजे हिरवट प्रकाशानें चमकतें. प्रतिदीप्तीच्या साहाय्यानें धातु ओळखण्याचा तो आरंभ होय. हल्लींच्या संवेदकांतील एक युक्ति अशी कीं, धातु नसतांना अडविणाऱ्या भागांतील एक इलेक्ट्रॉन दिव्याच्या भागाकडे धांव घेतो व दिवा विझवितो; धातु येऊन बसला कीं इलेक्ट्रॉनांची ती जोडी त्याच्या सेवेंत गुंतते आणि दिवा लागतो. दुसरी युक्ति रोडामाइन या रंगाची. त्याच्या रेणूचें एक कडें मिटलेलें असतां तो वर्णहीन असतो. धातूनें तें कडें उघडलें कीं तो गुलाबी होऊन नारिंगी प्रकाशानें चमकूं लागतो. १९९७ सालीं तांब्यासाठीं असा रोडामाइनचा संवेदक तयार झाल्यावर पारा, शिसें, क्रोमियम इत्यादिकांसाठीं त्याचे पुष्कळ भाऊबंद निघाले.

येथें विचारी वाचकांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. कांहीं संवेदक धातु भेटतांच विझतात, कांहीं पेटतात. विझणारा साक्षीदार कच्चा; कारण पाणी गढूळ असलें किंवा दुसराच एखादा पदार्थ मध्यें आला तरीही प्रकाश मंद होतो. अंधारांतून उजळणारा साक्षीदार त्या मानानें भरंवशाचा. न्यायालयांत मौनापेक्षां बोललेल्या शब्दास जसें वजन अधिक, तसेंच हें.

हें काम परदेशांतच चालतें असें नाहीं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत आणि जळगांवच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठांत काम करणाऱ्या रसायनज्ञांनीं धातूंच्या आयनांसाठीं प्रतिदीप्तिमान संवेदक तयार करून त्यांवर निबंध प्रसिद्ध केलेले आहेत. याचा आम्हांस अभिमान वाटतो. तथापि या विषयावरील एकंदर संशोधनाविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जगांत अशा संवेदकांवर हजारों निबंध निघाले, पण त्यांतील पुष्कळ द्रव्यें शुद्ध पाण्यांत विरघळतच नाहींत. त्यांस ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकाची जोड लागते. कित्येकांची परीक्षा प्रयोगशाळेंतील निवळशंख नमुन्यावर झालेली असते, आणि नाल्याच्या पाण्यांतील साबण, माती, मीठ व इतर दहा धातु यांच्या गर्दींत त्यांची वाचाच बसते. ज्या संवेदकाचा कागद होऊन तो गांवच्या पाणवठ्यावर गेला नाहीं, तो विद्वानांच्या कौतुकास पात्र असेल, परंतु तहानलेल्यांच्या उपयोगाचा नाहीं. निबंधांच्या संख्येपेक्षां पाणवठ्यांच्या संख्येवरून या शास्त्राची प्रगति मोजली जावी असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील दूषित नदीखंडांची यादी केली. तींत ३५१ खंड होते आणि त्यांपैकीं ५३ एकट्या महाराष्ट्रांत. आपली गोदावरीही तींत होती. परंतु ही यादी ज्या कसोटीवर झाली ती म्हणजे जैवरासायनिक प्राणवायूची मागणी. पाण्यांतील घाण खातांना जंतु किती प्राणवायु वापरतात याचें हें माप होय. सांडपाण्याच्या घाणीसाठीं ही कसोटी उत्तम. पण शिसें, निकेल किंवा क्रोमियम तिला दिसत नाहीं. उलट धातुविषानें ते जंतूच मेले तर मागणी कमी भरून पाणी बरें असल्याचा भासही होऊं शकतो! दुसरें उदाहरण घ्या. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन योजनेंत प्रत्येक गांवांतील पांच जणांस, शक्यतों स्त्रियांस, पाणी तपासण्याच्या पेटीचें शिक्षण देण्याचें ठरलें. कल्पना अत्यंत स्तुत्य आहे. पण या पेट्यांतील नेहमींच्या परीक्षा म्हणजे पाण्याचा सामू, कठिणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह अशा. औद्योगिक वसाहतींच्या छायेंतील गांवांस त्यांबरोबर षट्संयुजी क्रोमियम, निकेल आणि शिसें यांच्या परीक्षाही मिळाल्या पाहिजेत. चोर ज्या वाटेनें येतो त्याच वाटेवर पाहारा हवा.

आणि अशा पाहाऱ्यास शाळेसारखी दुसरी जागा नाहीं. बारावीचे विद्यार्थी दरवर्षीं क्षारपरीक्षण करितात. तांब्याच्या क्षारास अमोनियानें आलेला गडद निळा रंग, लोहास थायोसायनेटानें आलेला रक्तासारखा रंग, शिशास आयोडाइडानें आलेला सोनेरी पिवळा साका हे त्यांच्या परिचयाचे असतात. पण गुरुजींनीं दिलेल्या पुडींतला क्षार ओळखून वहींत लिहिला, गुण मिळाले, कीं तें ज्ञान कपाटांत बंद होतें. तीच परीक्षानळी, तोच विद्यार्थी आणि आपल्या नदीचें पाणी अशी गांठ घालून द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा कीं, हें सरकारचें काम, मुलांनीं त्यांत कां पडावें? महाराष्ट्राचें प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० सालापासून आहे, जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ सालचा आहे, आणि अंतिम निवाडा त्यांचाच, यांत शंका नाहीं. परंतु प्रत्येक नाल्यावर रात्रंदिवस उभा राहील इतका नोकरवर्ग कोणत्याही सरकारापाशीं नसतो. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांतील फ्लिंट शहराचें उदाहरण पाहा. २०१४ सालीं तेथें पाण्याचा उगम बदलला, जुन्या नळांतील शिसें पाण्यांत उतरूं लागलें, आणि अधिकारी मात्र पाणी ठीक असल्याचें सांगत राहिले. २०१५ सालीं नागरिकांनीं शेंकडों घरांतील पाण्याचे नमुने स्वतः भरून व्हर्जिनिया येथील एका विद्यापीठाकडे तपासावयास दिले, तेव्हां सत्य बाहेर आलें. तेथें सरकार नव्हतें असें नाहीं. लोक जागे झाले म्हणून सरकार जागें झालें.

दुसरा आक्षेप असा कीं, हा पोरखेळ आहे. अमेरिकेंतील भारतीय कुळांतील गीतांजली राव हिनें याच फ्लिंटची हकीकत ऐकून पाण्यांतील शिसें ओळखण्याच्या उपकरणाची कल्पना मांडली व २०१७ सालीं तेथील बालवैज्ञानिकांच्या स्पर्धेंत पहिला मान मिळविला. त्या वेळीं ती ११ वर्षांची होती. तिची रीति रंगाची नसून विजेची होती. पण मुलांनीं गंभीर प्रश्नास हात घालूं नये असें म्हणणाऱ्यांस तें एक उत्तर आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण, कारण तो पोटाचा आहे. ‘मुलगा नाल्याचें पाणी तपासणार आणि बापाच्या कारखान्यास टाळें लागणार, मग खावयाचें काय?’ हा प्रश्न आम्ही हलका लेखीत नाहीं. परंतु विष प्रथम कोणास बाधतें याचा विचार करा. क्रोमियमच्या टाकीवर वर्षानुवर्षें काम करणाऱ्यांच्या हातांस न भरणाऱ्या जखमा होतात, नाकाच्या पडद्यास भोंक पडतें. कारखान्यांच्या वैद्यकांत या गोष्टी प्रसिद्ध आहेत. म्हणजे नाल्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या आधीं टाकीवर उभा असलेला बाप धोक्यांत असतो. शिवाय धुण्याच्या पाण्यांतून वाहून जाणारें निकेल हा मालकाचाच पैसा आहे. कारखान्यानें स्वतःच दररोज आपल्या बाहेर जाणाऱ्या पाण्यावर हा कागद धरावा; चूक सकाळीं कळली तर दुपारीं सुधारतां येते. ताप मोजणारी कांचेची नळी रोग्याची शत्रु नसते, तद्वत् परीक्षेचा कागद उद्योगाचा शत्रु नाहीं. नदी मारून चालविलेला धंदा शेवटीं कोणाच्याच कामाचा नाहीं, हें मिनामाटाच्या मालकांसही भरपाई देतां देतां कळून चुकलें.

मात्र उत्साहाच्या भरांत विवेक सुटूं नये. बांगलादेशांत २००० सालानंतरच्या कांहीं वर्षांत सुमारे ५० लाख कूपनलिका सोमलासाठीं तपासल्या. कागदावरील डागाचा रंग पाहून विषारी नळांस तांबडा व निर्धोक नळांस हिरवा रंग दिला. या एका रंगानें असंख्य कुटुंबें सावध झालीं. परंतु पुढें यंत्रांनीं पडताळणी केली असतां क्षेत्रांतील पेट्यांनीं कांहीं नळांचा निवाडा चुकीचा दिल्याचेंही आढळलें. यांतला धडा दुहेरी आहे. रंग पाहून सावध व्हावें, पण केवळ रंग पाहून फांशी देऊं नये. कागदानें संशय दाखविला तर नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत पाठवावा. तेथील यंत्रांनीं त्यास दुजोरा दिला तरच तो दोष म्हणावा. आणि कागदानें कांहींच दाखविलें नाहीं तर पाणी अमृत झालें असेंही समजूं नये. कागदाच्या दृष्टीसही मर्यादा असते.

यास्तव आमची सूचना अशी. नाशिक व आसपासच्या प्रत्येक हायस्कुलांत एक जलनोंदवही असावी. आपल्या भागांतील चारपांच ठिकाणें, एखादी विहीर, एखादी कूपनलिका, पुलाखालचें नदीचें पाणी, शाळेचा नळ, ठरवून घ्यावीं आणि महिन्यांतून दोनदां त्यांचे नमुने तपासावे. तारीख, वेळ, पाऊस पडला कीं नाहीं, पाण्याचा वास व गढूळपणा, आणि मग परीक्षेचा रंग, अशी नोंद व्हावी. प्रत्येक वेळीं शेजारीं शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याची एक नळी व ठाऊक प्रमाणाच्या द्रावणाची एक नळी ठेवावी, म्हणजे डोळ्यांस तुलना मिळते. फिकट छटा लांब नळींत वरून खालीं पाहिल्यास अधिक चांगली दिसते. नमुने शिक्षकांच्या देखरेखीखालीं भरावे. मुलांनीं नाल्यांत उतरूं नये, कारखान्याच्या तोंडाशीं जाऊं नये, आणि आम्लाचें काम शिक्षकांनींच करावें. वापरलेलीं द्रव्यें मोरींत ओतूं नयेत, निराळ्या बाटलींत सांठवावीं. पाण्याची परीक्षा करितां करितां पाणीच नासविणें यासारखा दुसरा विनोद नाहीं. संशयास्पद फळ आलें तर तें मुख्याध्यापकांमार्फत महानगरपालिकेस व मंडळास कळवावें, चव्हाट्यावर ओरडूं नये.

अशा वहीची किंमत पांच वर्षांनीं कळेल. एका दिवसाचा रंग म्हणजे अफवा; पांच वर्षांचे रंग म्हणजे पुरावा. कोणत्या महिन्यांत कोणत्या पाणवठ्यावर जांभळी छटा दिसूं लागली, कोणत्या सालीं ती गेली, हें ज्या गांवास आपल्या मुलांच्या अक्षरांत वाचतां येतें, त्या गांवाची फसवणूक करणें सोपें नसतें. आणि जो कारखानदार आपलें पाणी नीट शुद्ध करून सोडतो, त्याच्याही बाजूनें हीच वही उभी राहते. आज चांगल्यास व वाईटास एकाच शब्दानें दोष दिला जातो, तो अन्याय या वहीनें टळेल.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, शाळेच्या प्रयोगशाळेसाठीं एखादें काचपात्र, एखाद्या द्रव्याची बाटली किंवा रविवारची एखादी सकाळ त्यांनीं द्यावी. ज्या पालकांस मुलाम्याच्या कामाची प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनीं शाळेंत येऊन ती मुलांस सांगावी. त्यांच्याइतकें हें काम कोणास ठाऊक? विद्यार्थिमित्रांस सांगणें असें कीं, रसायनशास्त्राचें पुस्तक गुणांसाठीं वाचा, पण गुण मिळाल्यावर मिटूं नका. तुमच्या आज्या ताकाचा रंग पाहून घर वांचवीत होत्या. तुमच्या हातीं त्यांच्यापेक्षां कितीतरी तीक्ष्ण साधनें आलीं आहेत, आणि वांचवावयाचें घरही आतां अंबडपासून पैठणपर्यंत पसरलें आहे.